कुबरनेटिसच्या नोडवरून उबुंटू काढून 'हलकी' ओएस टाकावी का?

तुमचा प्रश्न असा आहे, की कुबरनेटिसच्या (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी प्रणाली) तीन नोडच्या, म्हणजे तीन मशीनच्या, क्लस्टरवर उबुंटू सर्व्हरऐवजी अल्पाइन हे छोटं लिनक्स टाकलं तर रॅम वाचेल का. आधी एक गुंता सोडवू. कंटेनरची बेस इमेज (ज्या साच्यावर तो बांधतात तो) वेगळी आणि कंटेनर ज्या मशीनवर चालतात तिची ओएस वेगळी. अल्पाइनचं नाव तुमच्या कानावर आलंय ते बहुधा पहिल्या कामासाठी. तिची बेस इमेज जेमतेम ५ एमबीच्या आसपास, आत बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांडचा छोटा संच) आणि मसल (सी लायब्ररी). पण डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ती लिहिली म्हणून नोड हलका होत नाही, कर्नल नोडचाच वापरला जातो.

(तिथेही डोळे झाकून वापरू नका. मसल १.२.४ येईपर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, डीएनएसचं मोठं उत्तर टीसीपीवरून आणायची सोयच त्यात नव्हती. आणि पायथनच्या एखाद्या पॅकेजचं मसलसाठी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) नसेल तर कंपायलर ओढून आणा, तासभर बिल्ड बघत बसा.)

आता नोडबद्दल. नुसत्या रॅमसाठी करत असाल तर नका करू. नोडवर कंटेनर चालवणारे क्युबलेट आणि कंटेनरडी हे प्रोग्रॅम कुठेही तेवढंच खाणार. मशीन खरंच तोकडं असेल तर ओएसपेक्षा के-थ्री-एस ही कुबरनेटिसची हलकी आवृत्ती बघा. एकच सर्व्हर असेल तर ते एटसीडीऐवजी (क्लस्टरची माहिती ठेवणारा डेटाबेस) एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर भागवतं.

आम्ही फ्लॅटकार वापरतो, फक्त कंटेनर चालवण्यासाठी बनवलेली लिनक्स ओएस. रेड हॅटने २०१८ मध्ये कोअरओएस कंपनी विकत घेतली आणि २०२० मध्ये त्या कंपनीची कंटेनर लिनक्स ही जुनी ओएस बंद झाली. फ्लॅटकार हा तिचाच फोर्क, म्हणजे तिच्या कोडवरून निघालेली वेगळी शाखा. आम्ही वळलो ते वेगळ्याच कारणाने. आमच्या उबुंटूच्या प्रत्येक नोडवर कुणी ना कुणी हात फिरवलेला. एकावर सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग) बदललेलं, दुसऱ्यावर कुणीतरी रात्री दोनला टाकलेलं पॅकेज. दोन वर्षांनी कुठे काय आहे हे कुणालाच सांगता येईना. फ्लॅटकारमध्ये यूएसआर डिरेक्टरी रीड-ओन्ली आणि पॅकेज टाकायला ॲप्ट वगैरे काही नाहीच. हात फिरवायची सोयच बंद.

पहिला महिना मात्र मी जाम वैतागलो होतो. नेटवर्क तपासायला टीसीपीडंप हवं होतं, ते नोडवर नाही. टूलबॉक्स कमांडने कंटेनर उघडून त्यात ते टाकायचं असतं हे नंतर कळलं. त्याहून मोठा घोळ इग्निशनचा, म्हणजे फाइल वाचून नोडची मांडणी करणाऱ्या साधनाचा. फाइल बदलली, नोड रीबूट केला, काहीच बदललं नाही. पुन्हा केला, तेच. अर्धा दिवस गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की इग्निशन फक्त पहिल्या बूटला चालतं. आता आम्ही नोड दुरुस्त करत नाही, मोडून नवा उभा करतो. व्हीएम असतील तर हे पाच मिनिटांचं काम. ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवलेले खरेखुरे डबे असतील तर दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन पळावं लागेल, तेव्हा आधी पीएक्सई बूट (नेटवर्कवरून बूट) बसवा.

अपडेटची पद्धत मला सगळ्यात आवडते. दोन पार्टिशन असतात, नवी आवृत्ती रिकाम्या पार्टिशनवर उतरते आणि रीबूटनंतर ती उठली नाही तर जुनी परत येते. पण रीबूटला शिस्त लावली नाही तर नोड आपल्या मर्जीने रीबूट होतात. एटसीडीच्या तीनपैकी दोन एकदम गेले की कोरम, म्हणजे कामाला लागणारं बहुमत, गेला. त्यासाठी फ्लॅटकारचा अपडेट ऑपरेटर क्लस्टरमध्ये टाका, तो एक-एक नोड रिकामा करून रीबूट करतो.

टॅलॉस ही कुबरनेटिससाठीचीच आणखी एक ओएसही घरी चालवून पाहिली. त्यात एसएसएच नाही, शेल नाही, सगळं टॅलॉसकंट्रोल या कमांडमधून. मला आवडलं, पण नोडवर लॉगिन करायची सवय असलेल्या टीमला एकदम तिथे नेऊ नका.

आणि उडी मारण्याआधी सिक्युरिटीवाल्यांना विचारा, त्यांचा एजंट कंटेनरमधून चालतो की फक्त डेब पॅकेजमधून (उबुंटूच्या पद्धतीचं, फ्लॅटकारवर न बसणारं) येतो. आमचं घोडं तिथेच सहा आठवडे अडलं होतं.