औषधं संपली, तरी कार्डावर दुसरी रेघ का?

हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूच्या आजाराचे, उपचार पूर्ण करून गेलेली माणसं वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा समुपदेशन कक्षात येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. कुठल्याशा ऑपरेशनआधी रक्त तपासलं, रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह आला, म्हणजे आजार उलटला का? या प्रश्नापायी झोप उडते, ऑपरेशनं लांबतात, घरात पुन्हा ताट-वाटी वेगळी होते. म्हणून एका मावशींची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी साठीच्या पुढच्या. घरची थोडी शेती, दोन म्हशी. डाव्या डोळ्याच्या मोतिबिंदूसाठी त्या एका नेत्र रुग्णालयात गेल्या. तिथे नेहमीच्या तपासण्या झाल्या: शुगर, रक्तदाब, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. सीच्या कार्डावर, म्हणजे झटपट रक्त तपासणीच्या पट्टीवर, दोन रेघा उमटल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. "तुम्हाला कावीळ आहे, आधी ती बरी करून या," एवढं सांगून त्यांना घरी पाठवण्यात आलं.

मावशींनी आरशात डोळे बघितले. पिवळे नव्हते. भूक चांगली, काम नेहमीसारखं. तरी गावातल्या जाणत्याकडून काविळीची माळ घालून घेतली, तेल-तिखट बंद केलं. तोवर सुनेने त्यांचं ताट वेगळं केलं होतं आणि नातवाला आजीच्या अंथरुणात झोपायची बंदी झाली होती. सून वाईट नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. तिला कोणी काही समजावलंच नव्हतं, आणि कडेवरच्या लेकराची आई घाबरली की जे हाताशी असेल ते करते.

माझ्यासमोर बसल्यावर मावशींनी स्वतःबद्दल विचारलंच नाही. "ताई, ह्यो आजार माझ्या नातवाला लागला आसंल का वो?"

सुनेलाही आत बोलावलं आणि दोघींना एकत्रच सांगितलं. हिपॅटायटिस सी रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, पाणी प्यायल्याने, कुशीत घेतल्याने, पापा घेतल्याने तो लागत नाही. ब्लेड, दाढीचं रेझर, नेलकटर, दातांचा ब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा, कारण त्यांना नकळत रक्त लागलेलं असू शकतं. सून खाली मान घालून ऐकत होती. उठताना तिने विचारलं, "म्हणजे ताट एकत्र घासलं तरी चालतं?" चालतं.

मग मी मावशींना जुनं विचारायला लागले. कधी रक्त चढवलं होतं का, मोठं ऑपरेशन, गोंदण, गावात सुई देणारे डॉक्टर?

"दुसऱ्या बाळंतपणात लई रगत गेलं. दोन बाटल्या चढवल्या. त्या न्हाय मिळाल्या आस्त्या तर मी आज हितं नसते."

ते साल होतं 1991. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला 1989 मध्ये. त्याआधी डॉक्टर त्याला 'ए नाही आणि बी नाही' अशा नावाने ओळखायचे, कारण रक्त दिल्यावर कावीळ होते हे दिसत होतं, पण कशामुळे ते सापडत नव्हतं. ज्यांनी तो शोधला आणि सिद्ध केला त्या हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं. आपल्याकडे दान केलेल्या प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी बंधनकारक झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. 1991 मध्ये पैसे घेऊन रक्त विकणारेही सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून ते बंद झालं. मावशींना संसर्ग त्या बाटल्यांतूनच झाला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्या काळी काचेच्या सिरिंजा उकळून पुन्हा वापरायचे, त्यातूनही झाला असेल. पण हा इतिहास मी मुद्दाम समोर मांडते, कारण असा रिपोर्ट आला की लोकांच्या मनात पहिल्यांदा चारित्र्य येतं. मावशींचे यजमान दाराशी उभे होते. रक्ताच्या बाटल्यांची गोष्ट ऐकल्यावर ते आत येऊन खुर्चीवर बसले.

आता त्या कार्डाबद्दल. कार्डावर विषाणू दिसत नाही. दिसतात त्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढताना आपल्याच शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. मावशींना मी विचारलं, तुमच्या लहानपणी तोंडावर देवीचे वण असलेली माणसं पाहिलीत ना? "व्हय, माझ्या सासूच्याच तोंडावर हुते." देवी कधीच्या गेल्या, वण मात्र जन्मभर राहिले. कार्डावरची दुसरी रेघ त्या वणासारखी आहे. विषाणू कधीतरी येऊन गेला किंवा आला आणि अजून आहे, यातलं कुठलं खरं ते रेघ सांगू शकत नाही.

हे समजणं फार महत्त्वाचं आहे, कारण संसर्ग झालेल्या शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस जणांचं शरीर औषधाशिवाय, साधारण सहा महिन्यांत, विषाणू संपवतं. त्यांचं कार्ड पुढेही पॉझिटिव्ह येत राहतं. शिवाय जिथे आजार फार थोड्यांना असतो, तिथे काही कार्डं चुकून पॉझिटिव्ह येतात. गणपतीतल्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून बोलावणं आलेला एक तरुण मला आठवतो. दोन रात्री त्याने घरात कोणाला काही सांगितलं नव्हतं. पुढच्या तपासणीत त्याच्या रक्तात विषाणू नव्हताच.

ती पुढची तपासणी म्हणजे आरएनए. तिला व्हायरल लोड किंवा पीसीआरही म्हणतात. शिरेतून घेतलेल्या रक्तात विषाणूचा स्वतःचा जनुकीय भाग शोधला जातो. विषाणू असेल तर सापडेल, नसेल तर नाही. आजार आज आहे की नाही हे ठरवायचं ते याच कागदावर. कार्डाच्या जोरावर औषध सुरू करायचं नसतं, आणि कार्डाच्या जोरावर कोणाला आजारी ठरवून घरी पाठवायचंही नसतं. खासगी लॅबमध्ये या तपासणीला काही हजार रुपये पडतात. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारी उपचार केंद्रांत मोफत होते आणि गोळ्याही मोफत मिळतात. तालुक्यातून कुठे जायचं ते जिल्हा रुग्णालयात विचारलं की कळतं.

उलट बाजूही थोडक्यात. शरीराला प्रतिपिंडं तयार करायला साधारण आठ ते अकरा आठवडे लागतात. काल-परवा वापरलेली सुई टोचली असेल तर कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त राहू नये. आरएनए आठवडा-दोन आठवड्यांत दिसू लागतो. डायलिसिसवर असलेल्यांच्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांच्या बाबतीतही कार्ड कधी कधी गप्प राहतं.

मावशींचा आरएनए आला. विषाणू होता, आकडा लाखांत. मुलगा तो कागद घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "आठ लाख म्हणजे लिव्हर गेलंच ना?" हा गैरसमज मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहते. हिपॅटायटिस सीमध्ये विषाणूचा आकडा मोठा म्हणजे यकृताचं नुकसान मोठं, असं गणित नाही. दहा हजारवाल्याचं यकृत आक्रसलेलं असू शकतं आणि पन्नास लाखवाल्याचं चांगलं. यकृताची स्थिती पाहायला एसजीओटी, एसजीपीटी ही रक्तातली यकृताची एन्झाइम, प्लेटलेट, सोनोग्राफी लागते. वय, एन्झाइम आणि प्लेटलेट यांवरून डॉक्टर एक हिशेब करतात आणि लागलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, सांगतात. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून विषाणू नाही, असंही नसतं. कित्येकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. जुनाट संसर्ग असलेल्या शंभरातल्या पंधरा ते तीस जणांना वीसेक वर्षांत सिरोसिस, म्हणजे यकृत वण पडून आक्रसणं, गाठतो, म्हणून तर त्रास नसतानाही औषध घ्यायचं. मावशींच्या प्लेटलेट चांगल्या होत्या, सोनोग्राफीत सिरोसिस नव्हता.

त्यांना गोळ्या दिल्या सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर, दोन्ही रोज एकेक, बारा आठवडे. सुरू करण्याआधी डॉक्टरांनी हिपॅटायटिस बीची तपासणी पाहिली, कारण बी सोबत असेल तर या औषधांच्या काळात तो उसळू शकतो. बाकीच्या सगळ्या गोळ्यांची पिशवीही टेबलावर ओतून घेतली. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. सुनेने कॅलेंडरवर रोज एक खूण केली. मला वाटतं, त्या घरातला तुटलेला धागा तिथेच जुळला.

गोळ्या संपल्याबरोबर त्यांना कागद हवा होता, "बरी झाले" म्हणून. थोडं थांबावं लागतं. गोळ्या चालू असताना विषाणू इतका दबलेला असतो की तपासणीत सापडत नाही. पूर्ण संपला नसेल तर तो बहुतेक वेळा पुढच्या काही आठवड्यांतच डोकं वर काढतो. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा आठवडे थांबून आरएनए करतात. मावशींच्या कागदावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही, असं आलं. शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांचं असंच येतं. डावा डोळा झाला, दिसायला लागलं.

दीडेक वर्षाने उजव्या डोळ्याची वेळ आली. रुग्णालय दुसरं. पुन्हा कार्ड, पुन्हा दोन रेघा. ऑपरेशन रद्द झालं आणि मुलाचा फोन आला, "ताई, आईचा आजार उलटलाय." मागून मावशींचा आवाज येत होता, "इचार, मी काय चुकीचं खाल्लं का."

काहीच नाही. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. विषाणू गेला तरी प्रतिपिंडं वर्षानुवर्षं, बहुतेकांत जन्मभर, राहतात. बरं झालेल्या माणसाचं कार्ड पॉझिटिव्ह येणं अपेक्षितच आहे. अशा माणसाचं कार्ड पुन्हा करण्यातून काही कळत नाही. शंका असेल तर आरएनएच करावा लागतो. शंका कधी असावी? नंतर पुन्हा अशुद्ध सुई, असुरक्षित गोंदण, नशेची सामायिक सिरिंज असं काही घडलं असेल तर. एकदा बरं झालं म्हणून पुढे संरक्षण मिळत नाही, नवा संसर्ग होऊ शकतो, आणि याची लसही नाही. मावशींच्या बाबतीत असं काही नव्हतं.

मुलाला म्हटलं, तो 'नॉट डिटेक्टेड'चा कागद आणि उपचार पूर्ण झाल्याची नोंद घेऊन जा, डॉक्टरांना दाखव. कागद धान्याच्या कोठीवरच्या पत्र्याच्या डब्यात होता. डॉक्टरांनी वाचला आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. खरं तर विषाणू असता तरी मोतिबिंदूचं ऑपरेशन नाकारायला ते कारण नव्हतं. प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य असू शकतं असं धरूनच हातमोजे घालायचे आणि हत्यारं निर्जंतुक करायची असतात. हे मी त्या रुग्णालयाला पत्र लिहून कळवलं. असं पत्र मी प्रत्येक वेळी लिहिते. कागद हरवला असेल तर उपचार केंद्रातून नोंद पुन्हा मिळवता येते, पण तेवढ्या धावपळीत कोणाचा हात मोडलेला असतो, कोणाचं बाळंतपण तोंडावर असतं. म्हणून निघताना मी प्रत्येकाला तो कागद घरातल्या दोन मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायला लावते. रक्तदान मात्र आपल्या नियमांनुसार त्यांना पुढे करता येत नाही, आणि नियमित रक्तदात्यांना हे सांगताना मलाही वाईट वाटतं.

घरच्यांच्या तपासण्या पहिल्याच वेळी उरकल्या होत्या. यजमानांचं कार्ड निगेटिव्ह. नवरा-बायकोत हा आजार जातो, पण क्वचित. दोन्ही मुलगे रक्त चढवण्याआधी जन्मलेले, त्यामुळे संसर्ग त्या बाटल्यांतून झाला असेल तर त्यांना गर्भातून लागण्याचा प्रश्नच नव्हता. राहिली 1994 ची मुलगी. आईकडून बाळाला संसर्ग शंभरात पाच-सहा जणांना होतो, म्हणून तिला तपासायला सांगितलं. ती पिंपरीला सासरी असते. "घरी कळलं तर?" या एका भीतीने ती टाळत राहिली. तिला सांगितलं की रिपोर्ट तुझ्याच हातात मिळेल, आम्ही तुझ्या घरी फोन करणार नाही. एका सकाळी ती एकटीच आली. कार्डावर एकच रेघ होती, आणि तिच्यासाठी तेवढं पुरेसं होतं. जाताना तिने थोरल्या जाऊबाईंचं विचारलं. त्यांनाही 1995 च्या सिझेरियनमध्ये रक्त चढवलं होतं. त्यांना घेऊन ये म्हटलं, आणि पुढच्या सोमवारी दोघी आल्या.