जोडलेल्या हातांविषयी

प्रिय,

वडिलांचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. पण तुला टोचणी लागली आहे ती वेगळीच. इतकी वर्षं स्वतःला नास्तिक म्हणवून घेतलंस, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा लागताच तुझे हात आपोआप जोडले गेले. आता तुला ते ढोंग वाटतंय. मला नाही वाटत.

गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. त्यांत ज्ञानी सर्वांत प्रिय, हे खरं. पण तिथेच श्रीकृष्ण म्हणतो की हे सगळेच उदार, म्हणजे थोर आहेत. दुःखाने पोळून आलेलाही, मागायला आलेलाही. मला हे फार मोलाचं वाटतं. गरजेपोटी आलेल्याला दारातूनच परत पाठवणारा देव काय कामाचा?

तू नाकारलास तो देव बहुधा प्रत्येकाच्या कर्माची वही घेऊन बसलेला होता. तो आइनस्टाइनलाही मान्य नव्हता. ‘देव मानता का?’ असं एका रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तारेने विचारलं, तेव्हा १९२९ साली त्यांनी कळवलं की आपला विश्वास तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या देवावर आहे. विश्वाच्या सुसंगतीत प्रकटणारा देव, माणसांच्या नशिबात लक्ष घालणारा नव्हे. या स्पिनोझाला अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केलं, तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता. ईश्वर आणि निसर्ग त्याला वेगळे नव्हतेच. हा देव भव्य आहे, पण त्याच्याकडे काही मागता येत नाही. त्या दाराबाहेर तुला हाक ऐकणारा कुणीतरी हवा होता. उद्या रात्री आकाशाकडे बघताना स्पिनोझा पटेल. एकाच माणसात दोन्ही नांदू शकतात.

देव न मानणं म्हणजे श्रद्धाच नसणं, असंही नाही. पूर्वमीमांसा ही आपल्याकडची जुनी तत्त्वज्ञान-परंपरा वेद मानते, यज्ञ मानते, पण जग निर्माण करणारा ईश्वर तिला लागत नाही. जैनांनाही लागत नाही, आणि त्यांच्याइतकी कठोर साधना क्वचितच कुठे दिसेल.

उलट, देव मानणाऱ्याला तो सतत जवळ जाणवतो, हाही गैरसमज. मदर टेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. देव जवळ असल्याची जाणीवच नाही, आत नुसता अंधार आहे, असं त्या वर्षानुवर्षं लिहीत होत्या. तरी पहाटे उठून प्रार्थना, मग आजाऱ्यांची सेवा, हे सुटलं नाही. मला ही श्रद्धा सर्वांत कठीण वाटते. काहीच हाती लागत नसताना निष्ठा सोडायची नाही!

एका गोष्टीला मात्र जप. ‘देवाने माझ्या वडिलांना वाचवलं’ असं म्हणावंसं वाटेल, आणि कृतज्ञतेने म्हटलंस तर त्यात वावगं नाही. पण शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला, त्याच्या मुलीसमोर हे वाक्य बोलू नकोस. तिनेही हात जोडलेच असतील. आपली श्रद्धा दुसऱ्याच्या दुःखावर निवाडा देऊ लागली, की मला तिची भीती वाटते.

मित्रांना काय सांगू, असं विचारलं आहेस. घडलं तेवढं सांग. आस्तिक की नास्तिक, हे आजच ठरवायची काहीच घाई नाही. सध्या वडिलांच्या औषधांच्या वेळा सांभाळ आणि तूही थोडी झोप घे.

तुझे,
काका