आत्मविश्वास गेला? कुठल्या विषयातला?

अगं,

‘राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तोंडावर आलीये आणि आत्मविश्वासच गेलाय’ असं लिहिलंस. कुठल्या विषयातला गेला? राज्यघटनेतला नक्कीच नाही, मूलभूत हक्क तू झोपेतही सांगशील. मग अर्थव्यवस्थेतला, की विज्ञानातला? ‘सगळ्यातलाच’ म्हणू नकोस. ते उत्तर नव्हे, कुरकुर आहे.

भाषणं ऐकून आपण हा शब्द हिमोग्लोबिनसारखा वापरायला लागलोय: कमी झाला, वाढवा! विश्वास कशावर तरी असतो. अमुक काम मला जमेल, ही खात्री. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली नेमकी हीच खात्री अभ्यासली आणि ती कुठून येते तेही सांगितलं: स्वतः करून पाहिल्यानं, आपल्यासारख्या कुणाला जमताना पाहून, दुसऱ्यानं धीर दिल्यानं आणि शरीर-मनाच्या अवस्थेतून. यात स्वतः करून पाहणं सगळ्यांत भक्कम. कोरडा धीर फार टिकत नाही, म्हणून मी तो देत बसत नाही. रुक्ष वाटलो तर वाटू दे.

आता काम. सराव पेपर सोडवतानाच प्रत्येक उत्तरापुढे खूण कर: पक्कं, दोनांत अडकलं, तुक्का. उत्तरतालिका पाहिल्यावर खुणा करशील तर सगळंच ‘तसं येत होतं’ वाटेल. तपासताना एकूण गुण नंतर. आधी ‘पक्कं’मधली चुकलेली मोज. सामान्य अध्ययनाचा प्रश्न २ गुणांचा, चुकला की अर्धा गुण वजा. म्हणजे पक्का धरलेला प्रश्न चुकला की तुझ्या हिशेबातले अडीच गुण गेले. असे ८ निघाले तर २० गुण! फाजील आत्मविश्वास म्हणतात तो हा, आणि तो असा मोजता येतो.

तुझं दुखणं मात्र उलटं असावं असा माझा संशय आहे. दोन पर्यायांवर आलेले प्रश्न तू घाबरून कोरे सोडतेस ना? असे ४ सोडवून त्यातले २ चुकले तरी ३ गुण पदरात पडतात. कोरे सोडलेस तर शून्य.

तोच पेपर पुन्हा सोडवू नकोस. उत्तरं पाठ झालेली असतात, गुण वाढतात आणि खात्री खोटी ठरते. दर वेळी नवा पेपर, पूर्ण १०० प्रश्न, घड्याळ लावून.

रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठव. कसं वाटतंय ते लिहू नकोस. विषयवार ‘पक्कं’ किती आणि त्यातलं चुकलं किती, एवढंच.