अपाय सिद्ध झालेला नसताना मोबाइल टॉवरच्या नोंदी कशासाठी ठेवायच्या?

आपण विचारले आहे की, मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे अपाय होतो असे सिद्ध झालेले नसताना टॉवरच्या नोंदी जपण्याचा खटाटोप कशासाठी करायचा, आणि करायचाच तर नोंदीत काय असावे. मी काही वर्षे मोबाइल नेटवर्कच्या नियोजनाचे काम केले आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

सिद्ध झालेले नाही, म्हणूनच नोंद हवी. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले, तेव्हा त्यामागचा मर्यादित पुरावा मुख्यतः कानाला फोन लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासांतून आलेला होता. टॉवरच्या परिसरात राहणाऱ्यांविषयीचा पुरावा अपुरा ठरला होता. कर्करोग दिसू लागण्यास दहा-वीस वर्षेही लागू शकतात. इतक्या काळानंतर एखाद्या संशोधकाने ‘पूर्वी तुमच्या घराजवळ टॉवर होता का’ असे विचारले, तर आजारी माणूस कारण शोधत भूतकाळ चाचपतो आणि निरोगी माणसाला टॉवर आठवतही नाही. त्या त्या वेळी लिहिलेली नोंद मात्र कोणाच्या आजाराकडे पाहून लिहिलेली नसते.

ब्रिटनमधील २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. त्यात चार वर्षांपर्यंतच्या १,३९७ कर्करोगग्रस्त मुलांची तुलना ५,५८८ इतर मुलांशी केली होती. मोबाइल कंपन्यांकडून मिळवलेल्या ७६,८९० अँटेनांच्या माहितीवरून, आई गरोदर असताना तिच्या पत्त्यावर किती तीव्रतेच्या लहरी पोहोचत असाव्यात याचा अंदाज बांधण्यात आला, आणि आजाराशी संबंध आढळला नाही. हा दिलासा देणारा निष्कर्षही जुन्या माहितीशिवाय निघाला नसता. त्याच देशात तज्ज्ञ गटाच्या २००० सालच्या शिफारशीनंतर टॉवरची सार्वजनिक सूची उभी राहिली होती. पण कंपन्यांनी माहिती देणे ऐच्छिक होते, काहींनी ती देणे थांबवले आणि सूची शिळी होत गेली.

आता नोंदीत काय असावे ते पाहू. केवळ अंतर लिहिणे फसवे असते. अँटेनाचा मुख्य झोत जवळजवळ आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. त्यामुळे टॉवरच्या अगदी पायथ्याशी तीव्रता बहुधा कमी असते आणि काही अंतरावर, झोत जमिनीकडे येतो तिथे, ती जास्त भरते. म्हणून अक्षांश-रेखांशाबरोबर अँटेनाची उंची, तिच्या तोंडाची दिशा, झुकाव, वारंवारता, तंत्रज्ञानाची पिढी आणि कमाल शक्ती एवढे हवेच. पण माझ्या मते या सर्वांहून मोलाची आहे ती तारीख. आमच्या कामात झुकाव बदलला की संगणकातील जुना आकडा पुसून त्याच जागी नवा लिहिला जाई. त्यामुळे आजची स्थिती अचूक कळे, पण तीन वर्षांपूर्वी ती अँटेना कशी होती हे कोणालाच सांगता येत नसे. आमचे काम त्यावाचून अडत नव्हते. संशोधकाचे मात्र नेमके तिथेच अडते.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टॉवर जवळ असला की फोन स्वतःची शक्ती कमी करतो, आणि सिग्नल कमकुवत असला की वाढवतो. सतत फोनवर बोलणाऱ्याच्या डोक्यापर्यंत पोहोचणाऱ्या लहरींत त्याच्या स्वतःच्या फोनचाच वाटा सहसा मोठा असतो. त्यामुळे टॉवरची नोंद पुढे लोकांच्या फोनवापराच्या आणि बदललेल्या पत्त्यांच्या माहितीशी जोडता आली, तरच तिचा पुरता उपयोग होईल.

आपल्याला स्वतः काही करायचे असेल, तर झुकाव किंवा शक्ती बाहेरून कळणार नाही. तो तपशील कंपनीने किंवा नियामकाने जपायला हवा. आपण टॉवरची जागा, तो प्रथम दिसल्याची तारीख आणि दरवर्षी त्याच ठिकाणाहून घेतलेले छायाचित्र ठेवू शकता; अँटेना वाढल्या की त्यात दिसतील. आणि टॉवर उतरवला गेला तरी त्याची ओळ खोडू नये. शेवटची तारीख लिहून ती तशीच राहू द्यावी.