यंत्रसल्ला : वरच्या मुठीचा छोटा चेनसॉ

प्रश्न : आमची हापूसची जुनी बाग आहे. झाडे फार उंच गेली आहेत, म्हणून काढणी संपल्यावर मधल्या फांद्या विरळ करून घ्यायच्या आहेत. झाडावर चढून काम करणाऱ्या गड्यासाठी 25 सीसीचा, वर मूठ असलेला छोटा चेनसॉ घ्यावा असा विचार आहे. दुकानदार म्हणतो, ‘स्वस्तातला घ्या, मी सायलेन्सर मोकळा करून देतो, मग तो 35 सीसीच्या तोडीस तोड चालेल.’ हे कितपत खरे?
— एक बागायतदार, राजापूर

उत्तर : तोडीस तोड चालणार नाही. 25 सीसीच्या इंजिनापेक्षा 35 सीसीच्या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ 40 टक्के मोठा असतो, आणि एवढी तूट सायलेन्सरला भोक पाडून भरून निघत नाही. मात्र आपल्या कामाला 35 सीसीची गरज आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. झाडावर बसून मनगटापासून मांडीएवढ्या जाडीच्या फांद्या कापायच्या असतील, तर दिवसअखेर ताकदीपेक्षा वजन जास्त जाणवते. स्टील (Stihl) कंपनीचा एमएस 201 टी हा 35.2 सीसीचा चेनसॉ बार (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) आणि चेन न लावता पावणेचार किलोच्या आसपास भरतो, तर त्याच कंपनीचा 23.6 सीसीचा एमएस 151 टी सुमारे 2.6 किलो आणि एको (Echo) कंपनीचा 25 सीसीचा सीएस-2511 टी त्याहूनही हलका आहे. खांद्याच्या वर हात नेऊन काम करणाऱ्या माणसाला या एका किलोची किंमत विचारून पाहा.

बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळणारे स्वस्त 25 सीसीचे चेनसॉ बहुतांशी झेनोआ जी2500 या 25.4 सीसीच्या जपानी यंत्राच्या नकला आहेत. मूळ रचना उत्तम आहे आणि नकलांचे सुटे भागही सहज मिळतात. अडचण आहे ती एकसारखेपणाची. एकाच खोक्यातली दोन यंत्रे दोन तऱ्हांची निघू शकतात, त्यामुळे असे यंत्र घ्यायचेच असेल तर दुकानातच पेट्रोल घालून चालू करून पाहावे. थंड असताना चालू होणे पुरेसे नाही. दहा मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबावे आणि पुन्हा दोरी ओढावी. रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबली पाहिजे. पुढची ढाल ढकलताच ब्रेक खटकन लागला पाहिजे. बारचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून रेस दिली असता पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे, कारण तेल न सोडणारा पंप बार आणि चेन दोन्ही जाळतो. मागच्या बाजूला दोरी अडकवण्याची कडी आहे की नाही तेही पाहावे, कारण ती नसलेले यंत्र झाडावर नेण्याच्या कामाचे नाही. बार 10 इंचांचाच घ्यावा. दुकानदार 12 किंवा 14 इंचांचा आग्रह धरतात, पण लांब बार म्हणजे इंजिनावर जास्त ओझे आणि टोक नजरेआड जाण्याचा जास्त धोका.

आणखी एक गोष्ट. वरच्या मुठीचे यंत्र जमिनीवरच्या किरकोळ कामासाठी ‘हलके आणि सुटसुटीत’ म्हणून घेऊ नये. स्टील आपल्या सूचनापुस्तिकेत अशी यंत्रे फक्त झाडांच्या देखभालीचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनीच वापरावीत असे बजावते, आणि त्याचे कारण पुढच्या एका उत्तरात येईल. खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला मागे मूठ असलेला साधा चेनसॉच बरा.

प्रश्न : मी असाच 25 सीसीचा चेनसॉ घेतला आणि व्हिडिओ पाहून त्याच्या सायलेन्सरची आतली जाळी काढली, शिवाय 10 मिलिमीटरचे एक भोक पाडले. आवाज भारी येतो, रिकामी रेस दिली की यंत्र किंचाळते, पण लाकडात घातले की दम तोडते. प्लग पांढरा पडला आहे. आता काय करावे?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आधी यंत्र चालवणे थांबवा. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे एकाच दुखण्याची आहेत. इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळते आहे. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येते, त्यामुळे पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घासू लागतो. रिकाम्या रेसला किंचाळणारा आवाज म्हणजे वाढलेली ताकद नव्हे.

सायलेन्सरचे बोल्ट काढून तो बाजूला करा. दोरी हळूहळू ओढत पिस्टन वरखाली करा आणि धूर बाहेर पडण्याच्या खिडकीतून टॉर्चच्या उजेडात त्याची बाजू पाहा. ती गुळगुळीत असेल, कारखान्यातल्या मशीनच्या बारीक आडव्या रेघा अजून दिसत असतील, तर आपण वेळेत थांबलात. उभे ओरखडे असतील, रिंग खाचेत चिकटलेली असेल किंवा सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचा लेप बसला असेल, तर कार्बोरेटर जुळवून काही उपयोग नाही, पिस्टन आणि सिलिंडरचा संच बदलावा लागेल. स्वस्त यंत्राचा संचही स्वस्तात मिळतो, एवढेच त्यातले समाधान.

पिस्टन शाबूत असेल तर मिश्रण घट्ट करायचे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवायचे आहे. कार्बोरेटरवर ‘एच’ खुणेचा स्क्रू असतो, तो उलट्या दिशेने फिरवला की पूर्ण रेसवर पेट्रोल वाढते. अनेक यंत्रांत या स्क्रूवर प्लॅस्टिकची टोपी असते आणि ती फार थोडे फिरू देते, आणि नेमकी इथेच सायलेन्सर मोकळा करणाऱ्यांची फसगत होते. भोक पाच मिनिटांत पडते, पण त्याला जुळणारे पेट्रोल देण्याची सोय यंत्रात नसते. स्क्रू फिरत असेल तर एकेक अष्टमांश फेरा सोडत जावा. चेन धारदार हवी, हवेची जाळी स्वच्छ हवी आणि इंजिन चांगले तापलेले हवे. बरोबर जुळणी कानाने ओळखता येते. रिकाम्या पूर्ण रेसवर आवाज किंचित भरड, अडखळल्यासारखा यावा आणि बार लाकडात शिरताच तो मोकळा व्हावा. लाकडातही अडखळत राहिला तर पेट्रोल जास्त झाले, आणि रिकाम्या रेसवरच तलम आणि उंच झाला तर कमी आहे. टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या मोजणारे उपकरण) असलेल्या मिस्त्रीकडून पुस्तिकेतल्या फेऱ्यांशी पडताळून घेतले तर उत्तमच.

तरीही माझा सल्ला मूळ सायलेन्सर पुन्हा बसवा असाच आहे. झाडावर वापरायच्या यंत्रात धूर कोणत्या दिशेला फेकला जातो हे कारखान्याने विचार करून ठरवलेले असते. आपल्या नव्या भोकातून निघणारा झोत गड्याच्या मांडीवर किंवा त्याच्या दोरावर येणार नाही याची खात्री कोण देणार? दोरासाठी वापरले जाणारे नायलॉन सुमारे 220 अंशांना वितळते. शिवाय आपण काढलेली जाळी ठिणग्या अडवण्यासाठी होती, आणि मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेतल्या वाळक्या गवतात एक ठिणगी काय करते ते सावंतवाडीकरांना सांगायला नको. बहुतेक वेळा ‘ताकद कमी झाली’ म्हणून आलेल्या यंत्राची ही जाळी काजळीने बुजलेली असते. ती काढून जाळून, तारेच्या ब्रशने घासून परत बसवली की हरवलेली ताकद परत येते, तीही फुकटात.

गॅस्केट काढून कॉम्प्रेशन वाढवणे, खिडक्या घासून मोठ्या करणे, फ्लायव्हील सरकवून ठिणगी लवकर पाडणे हे प्रकार हौशी लोकांनी हौसेच्या यंत्रावर करावेत.

प्रश्न : मग या छोट्या यंत्रात करण्याजोगा बदल कोणता?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : चेनचा. इंजिन तेवढेच ठेवून कापण्याचा वेग वाढवायचा असेल तर चेन लाकडात जेवढी रुंद खाच पाडते ती कमी करावी. 25 सीसीच्या यंत्रांवर पुष्कळदा 3/8 इंच लो-प्रोफाइल चेन येते, आणि तिची बारच्या खाचेत बसणारी मार्गदर्शक कडी 1.3 मिलिमीटर जाडीची असते. त्याऐवजी 1.1 मिलिमीटरची अरुंद चेन किंवा पाव इंची चेन बसवली तर तेच इंजिन कमी लाकूड उकरते आणि कापही स्वच्छ येतो. एमएस 151 टीवर कारखान्यातूनच पाव इंची, 1.1 मिलिमीटरची चेन येते, ते उगीच नाही. मात्र नुसती चेन बदलून भागत नाही. पिच (चेनच्या कड्यांमधले अंतर, म्हणजे 3/8 किंवा पाव इंच हे माप) बदलला की क्लचवरचे स्प्रॉकेट म्हणजे दातेरी चाक आणि बारच्या टोकाचे चाक त्याच पिचचे लागते, जाडी बदलली की बारची खाच तेवढीच लागते, आणि कड्यांची संख्याही मोजूनच घ्यावी लागते. त्यामुळे आपल्या यंत्राला बसणारे पाव इंची स्प्रॉकेट मिळते का, हे आधी पाहून मगच बार घ्यावा.

हा खर्च करण्यापूर्वी आहे ती चेन नीट धार करून पाहावी. 3/8 लो-प्रोफाइलला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते. कानस 30 अंशांत धरून आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच घाव द्यावेत. त्यानंतर दातापुढचा उंचवटा चपट्या कानशीने दाताच्या टोकापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली आणावा. ‘जास्त खाते’ म्हणून तो याहून खाली घासण्याची खोड अनेकांना असते. त्याने चेन लाकडात अडकते, हिसके देते आणि छोटे इंजिन जागीच बंद पडते. भुसा पिठासारखा पडत असेल तर धार गेलेली आहे, पापुद्र्यासारख्या चकत्या पडत असतील तर इंजिनाला हात लावण्याचे कारणच नाही.

प्रश्न : आमच्याकडचा गडी एका हाताने फांदी धरतो आणि दुसऱ्या हाताने हा चेनसॉ चालवतो. मूठ वर दिली आहे ती त्यासाठीच ना?
— एक बागायतदार, गुहागर

उत्तर : नाही. मूठ वर आहे ती झाडाच्या दाटीत यंत्र आटोपशीर राहावे आणि शरीराजवळ धरता यावे म्हणून. बारच्या टोकाचा वरचा भाग फिरत असताना लाकडाला टेकला की यंत्र उसळून मागे, तोंडाकडे किंवा मानेकडे येते, आणि हे इतक्या पटकन घडते की माणूस सावरेपर्यंत वेळ गेलेली असते. मागे मूठ असलेल्या यंत्रात दोन हातांमधले अंतर जास्त असल्याने ही उसळी दाबायला तरफ मिळते. वरच्या मुठीच्या यंत्रात दोन्ही हात जवळजवळ असतात, म्हणजे दोन हातांनी धरूनही ताबा कमीच राहतो. एका हाताने तो जवळपास उरतच नाही, आणि फांदी धरलेला दुसरा हात नेमका बारच्या वाटेत असतो. पुढच्या दांड्याखालून अंगठा वळवून पकडलेला डावा हात, कापताना नेहमी, ही अट गड्याला स्पष्ट सांगावी.

त्याला दोन दोर द्यावेत : एक चढण्याचा आणि एक कमरेभोवतून खोडाला घेतलेला, आणि हे दोन्ही जोडल्याशिवाय दोरी ओढून यंत्र चालू करायचे नाही. कमरेच्या दोरात तारेचा गाभा असलेला उत्तम, पण तोही चेनपुढे टिकतो असे समजू नये, काथ्याचा दोर तर क्षणात तुटतो. एका जागेहून दुसरीकडे सरकण्याआधी ब्रेक लावावा. जड फांदी आधी खालून एक तृतीयांश, मग थोडी पुढे वरून कापावी, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट शेवटी फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्यालगत काढावा आणि जखमेला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी या प्रमाणातली बोर्डो पेस्ट लावावी.

प्रश्न : पंपावर हल्ली 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते चालेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : हाताने जुळवायचा कार्बोरेटर असलेल्या यंत्रांत 10 टक्क्यांहून जास्त इथेनॉल वापरू नये, असे स्टीलच्या पुस्तिका सांगतात. एम-ट्रॉनिक म्हणजे स्वतः मिश्रण जुळवणाऱ्या यंत्रांना त्या 27 टक्क्यांपर्यंत मुभा देतात. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने त्याच स्क्रूवर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते, म्हणजे सावंतवाडीच्या वाचकांच्या यंत्राला झालेले दुखणे सौम्य प्रमाणात आपोआप जडते. दुसरे पेट्रोल मिळतच नसेल तर ‘एच’ स्क्रू वर सांगितल्याप्रमाणे कानाने पुन्हा जुळवून घ्यावा. तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे : 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, 25 ला 1 म्हणजे 40 मिलिलिटर. ‘थोडे जास्त तेल बरे’ म्हणून हात सैल सोडू नये, कारण वाढलेले तेल तेवढे पेट्रोल कमी करते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि रबरी नळ्या व पडदे खराब करते, त्यामुळे आठवड्यात संपेल एवढेच मिश्रण करावे आणि पावसाळ्यापूर्वी यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.