सीडी पेन ड्राइव्हवर घ्या, पण आतले कागद कुणाच्या हाती देऊ नका

तुमची अडचण थोडक्यात अशी: वडिलांच्या बऱ्याच सीडी, बहुतेक ख्याल आणि वाद्यसंगीत, लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, एक दुकानदार डिस्कमागे पैसे घेऊन सगळं पेन ड्राइव्हवर टाकून द्यायला तयार आहे, मग मूळ माल भंगारात. आणि शेवटी विचारलंय की आजही सीडी विकत घेणाऱ्यांना असं काय ऐकू येतं, जे अ‍ॅपवर येत नाही. मी त्या दुकानदारापाशीच अडखळलो. ह्यातून गेलोय.

आधी शेवटचा प्रश्न. वेगळं काही ऐकू येत नाही, निदान मला तरी. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हाही तिच्यातल्या ध्वनीचं माप १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ होतं आणि आजही तेवढंच आहे. अ‍ॅपल म्युझिक तर २०२१ पासून जादा पैसे न घेता तो दर्जा देतं. ‘सीडीची ऊब’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांनी ब्लूटूथचे हेडफोन लावले असतील तर मुळीच नाही. (मी ऑडिओ इंजिनिअर नाही, कुणाला फरक कळत असेल तर आनंद आहे.) मी सीडी घेतो ती आतल्या पुस्तिकेसाठी, आणि एकदा घेतली की ती कपाटातून परस्पर कुणी काढून नेत नाही म्हणून. २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एका फटक्यात गेली, २०२४ मध्ये एअरटेलच्या विंक ह्या गाण्यांच्या अ‍ॅपने दुकानच गुंडाळलं. ज्यांनी वर्षानुवर्षं याद्या रचल्या होत्या त्यांना कोण विचारतो!

आता माझं दुकान. नाव घेत नाही. मामांचा संग्रह माझ्याकडे आला तेव्हा तो तिथे दिला, कारण फलकावर ‘व्यावसायिक डिजिटायझेशन’ असं मोठ्या अक्षरांत होतं. परत मिळालं ते असं: सगळ्या डिस्क एका दांडीवर एकमेकींवर ओवलेल्या, सोबत पेन ड्राइव्ह. डब्या नाहीत, पुस्तिका नाहीत. ‘जागा फार अडत होती, साफ केलं.’ पावती दाखवली तर त्यावर ‘डिस्क, नग इतके’ एवढंच लिहिलेलं. कागदाचा उल्लेखच नाही, म्हणजे आमची जबाबदारी नाही. वर मालकाचा प्रश्न, ‘गाणी तर सगळी आली ना?’

गाणी आली होती, १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत, म्हणजे ध्वनीतला बराच भाग गाळून लहान केलेल्या फाइलींत. विलंबित (संथ लय) संपून द्रुत (जलद लय) सुरू होतो तिथे तबला क्षणभर तुटायचा, कारण दोन ट्रॅकमध्ये रिकामी जागा घुसली होती. पण खरी गंमत नावांची. सीडीवर बहुधा नावं नसतातच. संगणक ट्रॅकची संख्या आणि लांबी मोजून त्यावरून एक क्रमांक काढतो आणि नेटवरच्या यादीत जुळणी शोधतो. चित्रपटगीतांच्या डिस्कवर दहा-बारा ट्रॅक असतात, तिथे हे बरं जमतं. आपल्याकडे अख्ख्या डिस्कवर एकच राग, एखादा-दुसरा ट्रॅक! तेवढ्याच लांबीची जगातली कुठलीही डिस्क जुळू शकते. मामांच्या मारवा रागाच्या डिस्कला जर्मन कथावाचनाचं नाव चिकटलं होतं. दुकानातल्या पोराने यंत्र म्हणेल ते पुढे ढकललं होतं.

त्या मारव्याच्या पुस्तिकेत समासात मामांची पेन्सिल होती, ‘इथे धैवत ऐक’ अशा खुणा, वेळेसकट. ती गेली. तबला कोणाचा, हार्मोनियम कोणाची, मैफल कुठली, साल कोणतं, सगळं त्या कागदाबरोबर गेलं. एकाच गायकाचे दोन यमन आहेत, त्यातला कुठला कधीचा हे मला आजही कानावरूनच ठरवावं लागतं. अ‍ॅपवर शोधून पाहिलं. मुखपृष्ठ दुसऱ्याच अल्बमचं, साथीदारांचा पत्ता नाही, आणि रागाच्या जागी ‘लाइव्ह’. अर्धा तास ठेका धरून बसलेल्या माणसाचं नाव द्यायला ह्यांना काय जड जातं?

म्हणून मी परत सीडी विकत घेऊ लागलो, जुन्या आणि पुस्तिका शाबूत असलेल्या. नवरस, निंबस, म्युझिक टुडे, पुण्याचे अलूरकर अशा ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या. निंबसची १९९९ ची ‘द राग गाइड’ घ्या: चार डिस्क, ७४ राग, आणि सोबत चांगलं जाडजूड पुस्तक. नुसत्या फाइली घेतल्या तर ७४ छोटे तुकडे हाती येतात, पुस्तक उघडलं तर शिकवणी होते. मुंबईचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून माल हातात घेऊन बघायची सोयही आटली, त्यामुळे ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून पुस्तिकेचा आणि डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागवतो. खालची बाजू हिरवट किंवा निळसर दिसली तर ती घरी संगणकावर कॉपी करून बनवलेली (‘बर्न’ केलेली) डिस्क असण्याची शक्यता जास्त. ‘एमपीथ्री सीडी’ असं बारीक छापलेलं असेल तर तीही नको. आणि ओरखडे खालून असतील तर फार घाबरू नका, पॉलिश होऊ शकतं. छापील बाजूवरचा खोल ओरखडा वाईट, कारण ध्वनी साठवणारा थर त्याच बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून त्या बाजूवर बॉलपेनने लिहू नका आणि लेबलं चिकटवू नका.

तुमच्या बाबतीत माझं मत: यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या आणि घरीच करा. सॉफ्टवेअर कसं बसवायचं ते कुठेही सापडेल. मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरतो, फाइली फ्लॅकमध्ये, म्हणजे ध्वनीतलं काही न गाळणाऱ्या प्रकारात. कॉपी बिनचूक झाली का हे ते सॉफ्टवेअर इतरांनी काढलेल्या त्याच डिस्कच्या ऑनलाइन नोंदींशी ताडून बघतं, पण आपल्या दुर्मीळ डिस्कची नोंद तिथे बहुधा सापडत नाही, मग तीच डिस्क दोनदा काढून दोन्ही निकाल जुळतात का ते बघायचं. नावं हाताने, पुस्तिकेवरून भरायची. कंटाळवाणं आहे, पण संध्याकाळी एखादी डिस्क असं केलं तर होतं. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. जागेचीच अडचण असेल तर प्लास्टिकच्या डब्या खुशाल टाका, त्या पुन्हा मिळतात. डिस्क, पुस्तिका आणि मागचा कागद मऊ पाकिटात एकत्र ठेवा, फक्त पाकीट पीव्हीसीचं नको, दमट हवेत चिकटतं.

तरीही दुकानातच द्यायच्या असतील तर कागद घरी काढून ठेवा आणि नुसत्या डिस्क द्या. आधी दोन ट्रॅकवाली एकच द्या. विलंबितातून द्रुताकडे जाताना तबला तुटला, की बाकीच्या घेऊन जाऊच नका.