अथपासून इतिपर्यंत गाण्यातच चालणारं नाटक पडद्यावर आणताना मधले संवाद गद्यात करावेत का?

सरसकट तर मुळीच करू नका. 'दार लाव', 'पत्र आलंय' हेही पात्रं गाऊन सांगायला लागली की प्रेक्षक हसतील, ही तुमची भीती रास्त आहे. पण सगळंच गायलं जात असेल, तर प्रेक्षक ते एकदाच, पहिल्या पाच मिनिटांत मान्य करून टाकतो. मध्ये गद्य आलं की पुढच्या प्रत्येक गाण्याला त्याचं मन नव्याने वळवावं लागतं.

'रेंट' या अशाच गाण्यातल्या नाटकाच्या चित्रपटात (2005) गायले जाणारे बरेच संवाद बोलून घेतले आहेत, 'फँटम ऑफ द ऑपेरा'मध्येही (2004) काही ठिकाणी तेच केलंय. 'फँटम'मध्ये बोलताना यमकं तशीच राहिली, त्यामुळे कान सारखा हरवलेली चाल शोधत राहतो. शिवाय अशा नाटकात एखादी चाल आधी किरकोळ संवादात येते आणि पुढे ऐन प्रसंगात परतते. तो संवाद गद्य केला की पुढचं परतणं पोकळ होतं.

कात्री चालवायचीच तर शब्दांवर चालवा, चालीवर नको. 'मी घाबरलोय' हे रंगमंचावर शेवटच्या रांगेसाठी गावं लागतं. क्लोजअपमध्ये डोळेच ते सांगतात. तिथे ओळ काढा आणि तीच चाल वाद्यवृंदाला द्या.

दुसरा मोठा प्रश्न लयीचा. गाणी आधी रेकॉर्ड केली, तर सेटवर पाऊल ठेवण्याआधीच नटाची प्रत्येक उसंत ठरून जाते. 'ले मिझराब्ल' या अशाच नाटकाच्या चित्रपटात (2012) नट सेटवर प्रत्यक्ष गायले. कानातल्या इअरपीसमध्ये पियानो, तोही त्यांच्या लयीने चालणारा. वाद्यवृंद नंतर चढवला. ॲन हॅथवेचं गाणं पाहा, जवळजवळ सगळं एकाच लांब क्लोजअपमध्ये आहे. हुंदक्यासाठी ती थांबते आणि संगीत तिच्यासाठी थांबतं. मला हे फार मोलाचं वाटतं. अर्थात दोन टेकची (चित्रीकरणाच्या दोन खेपांची) लय जुळत नाही, म्हणून एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे लावावे लागतात. गर्दीची, नाचाची गाणी मात्र खुशाल आधी रेकॉर्ड करा.

आणि टाळ्यांच्या जागा आठवणीने काढा. रंगमंचावर गाण्याचा शेवटचा सूर टाळ्यांसाठी ताणलेला असतो. पडद्यावर तिथे नुसती पोकळी राहते, म्हणून तो सूर विरायच्या आत पुढचा प्रसंग सुरू झालेला बरा.